'शांत बस, मग शिकवतो'

'शांत बस, मग शिकवतो.' हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलं आहे आणि खरं सांगायचं तर बऱ्याच जणांनी मुलांना म्हटलंही आहे. या चार शब्दांत एक अख्खं शास्त्र दडलेलं आहे. शिकणं डोक्यात होतं, शरीर मध्ये लुडबुड करतं, तेव्हा आधी शरीर गप्प करायचं आणि मग डोक्यात काय ते ओतायचं. हे शास्त्र चुकीचं आहे असं कोणाला, कधी आणि कशामुळे वाटलं, त्याचा इतिहास आज आपण पाहणार आहोत.

या व्याख्यानाची तयारी करताना एक गोष्ट आमच्या लक्षात आली, ती आधीच सांगून टाकतो. हालचालीतून मूल शिकतं हे ज्यांनी ओळखलं, त्यांतले कितीतरी जण 'हे मूल काही शिकायचं नाही' असा शिक्का बसलेल्या मुलांबरोबर काम करत होते. जिथे मुलं गुपचूप बसून शिकत होती, निदान शिकताहेत असं वाटत होतं, तिथे हा प्रश्न सहसा कोणाला पडलाच नाही.

सुरुवात पॅरिसमध्ये होते. १८०० साली फ्रान्सच्या दक्षिण भागात, आव्हेरों इथल्या रानात एक अकरा-बारा वर्षांचा मुलगा सापडला. बोलत नव्हता, अंगावर कपडे ठेवत नव्हता. त्याला पॅरिसला आणलं गेलं. तिथले नामवंत वैद्य पिनेल यांनी तपासून सांगितलं, हा जन्मतःच मंदबुद्धीचा आहे, याच्यावर मेहनत घेण्यात अर्थ नाही. मूकबधिरांच्या संस्थेतल्या झां इतार या तरुण डॉक्टरांना ते पटलं नाही. त्यांनी मुलाला हाताशी घेतलं, त्याचं नाव पुढे व्हिक्टर पडलं. इतारनी शिकवायला सुरुवात कशानं केली? गरम पाण्याच्या अंघोळीनं. रोज कितीतरी वेळ अंघोळ, अंग चोळणं, गरम-गार ओळखणं, मग हातांनी वस्तू चाचपणं. आपल्याकडच्या सुइणीला किंवा आजीला यात काही नवल वाटलं नसतं. पॅरिसच्या विद्वानांना वाटलं. व्हिक्टर पुढे कापलेली अक्षरं जुळवून थोडे शब्द ओळखू लागला. बोलायला मात्र तो जवळपास शिकलाच नाही आणि इतारनी आपला प्रयोग फसला असं मानलं.

त्यांचा शिष्य एदुआर सेगँ यांनी तो फसलेला प्रयोग उचलला. १८४० च्या दशकात ते पॅरिसमध्ये अशाच मुलांबरोबर काम करत होते, ज्यांना त्या काळी सरळ 'इडियट' म्हणत आणि वेड्यांच्या इस्पितळात ठेवत. सेगँनी क्रम उलटा केला. आधी स्नायू, मग ज्ञानेंद्रियं, मग कल्पना आणि विचार. शिडी चढणं, झोके, हातात वजनं घेऊन तोल सांभाळणं, हाताच्या पंजाची पकड, अक्षरं नंतर. १८४६ साली त्यांनी यावर मोठा ग्रंथ लिहिला, पुढे ते अमेरिकेत गेले आणि १८६६ साली इंग्रजीतही पुस्तक काढलं. शाळांनी त्याची दखल घेतली नाही. ही पुस्तकं 'तसल्या' मुलांसाठी होती ना!

त्याच सुमारास जर्मनीत फ्रोबेल निरोगी मुलांसाठी खेळाची शाळा चालवत होते. १८४० साली त्यांनी तिला 'किंडरगार्टन' म्हणजे मुलांची बाग असं नाव दिलं. गोल करून खेळायचे खेळ, बोटांचे खेळ, लाकडी ठोकळे असं बरंच काही तिथे होतं. प्रशियाच्या सरकारनं १८५१ साली अशा शाळांवर बंदीच घातली. मुलांच्या खेळण्याची सरकारला धास्ती वाटावी हे आज गमतीचं वाटतं, पण शांत बसलेली प्रजा कोणाला आवडत नाही? फ्रोबेलवर स्वतंत्र व्याख्यान व्हायला हवं, म्हणून आज त्यांना इथेच सोडू.

आता रोम. मारिया माँटेसरी १८९६ साली डॉक्टर झाल्या आणि मनोरुग्णांच्या दवाखान्यात काम करताना तिथे डांबलेली मुलं त्यांनी पाहिली. यांच्यासाठी कोणी काही केलंय का, हे शोधताना त्या इतार आणि सेगँपर्यंत पोचल्या. सेगँचा तो जाडजूड फ्रेंच ग्रंथ त्यांनी स्वतःच्या हातानं इटालियनमध्ये उतरवून काढला. कारण त्यांनी स्वतःच दिलं आहे: हातानं लिहिलं म्हणजे प्रत्येक शब्द तोलून पाहता येतो. हालचालीनं शिकणं म्हणजे काय, याचा हा त्यांनी स्वतःवरच केलेला प्रयोग म्हणायला हरकत नाही.

या पद्धतीनं शिकवलेली त्यांची काही मुलं सरकारी शाळेच्या परीक्षेला बसली आणि लेखन-वाचनात इतर मुलांच्या बरोबरीनं उतरली. सगळ्यांनी कौतुक केलं. माँटेसरींना मात्र वेगळाच प्रश्न पडला. माझी ही मुलं जर त्या धडधाकट मुलांच्या बरोबरीला येत असतील, तर शाळा त्या धडधाकट मुलांचं नेमकं करते तरी काय?

हा प्रश्न आम्हाला या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा वाटतो. त्याचं उत्तर शोधायची संधी त्यांना ६ जानेवारी १९०७ रोजी मिळाली, तीही शाळेत नाही, रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीतल्या एका चाळवजा इमारतीत. आई-बाप दिवसभर कामावर जायचे, लहान मुलं जिन्यांत धुडगूस घालायची, भिंती खराब करायची. इमारतीच्या मालक संस्थेनं हिशेब केला की दुरुस्तीपेक्षा मुलांना एका खोलीत सांभाळणं परवडेल. जगप्रसिद्ध बालशिक्षणाचा जन्म असा रंगरंगोटीचा खर्च वाचवण्यासाठी झाला.

त्या काळच्या शाळेतला बाक कसा होता, ते इथे समजून घ्यायला हवं. आजच्यासारखा साधा बाक नव्हे. तासन् तास बसून मुलांच्या पाठीचे कणे वाकू लागले होते, म्हणून तज्ज्ञांनी शास्त्रशुद्ध बाक बनवले होते. आसन किती उंच, टेबल किती तिरकं, पाय कुठे टेकायचे, सगळी मापं ठरलेली. मुलाला त्यात जेमतेम हलता येईल अशी रचना. माँटेसरींनी या बाकावर फार कडक टीका केली. त्यांचा मुद्दा असा की कणा वाकतोय म्हटल्यावर मुलाला उठवायचं, की न वाकवणारा बाक शोधायचा? त्यांच्या बालगृहात हलक्या खुर्च्या आणि लहान टेबलं आली, मुलालाच उचलून हलवता येतील अशी. खुर्ची पडली, आवाज झाला, तर पुढच्या वेळी मूल आपोआप जपून उचलतं. पाणी ओतणं, झाडणं, बटणं लावणं, जमिनीवर आखलेल्या रेघेवरून तोल सांभाळत चालणं, हाच त्यांचा अभ्यासक्रम. अक्षरं खरकागदाची, त्यांवरून बोट फिरवायचं. काही महिन्यांत चार-पाच वर्षांची मुलं कोणी न सांगता लिहू लागली, आणि पेन्सिलीनं अक्षर उमटतं हे कळल्यावर खडूनं भिंती, फरशा भरू लागली. म्हणजे भिंती काही वाचल्या नाहीत.

इथून ही गोष्ट आपल्याकडे येते. १९२० साली भावनगरला गिजुभाई बधेका यांनी दक्षिणामूर्तीमध्ये बालमंदिर सुरू केलं. ते मूळचे वकील. स्वतःच्या मुलाला कसं वाढवावं या विचारात माँटेसरी त्यांच्या वाचनात आल्या आणि वकिली सुटली. त्यांनी माँटेसरींची साधनं घेतली आणि त्यांत काठेवाडची गाणी, गोष्टी, नाटकं, नाच, नदीवरच्या सहली घातल्या. १९२३ साली ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या. पुढे मुंबईत दादरला ताराबाईंनी १९३६ साली शिशुविहार काढलं. दरम्यान माँटेसरी स्वतः १९३९ साली भारतात आल्या, मद्रासजवळ अड्यारला त्यांचा पहिला वर्ग भरला, सुमारे ३०० जण शिकायला आले. युद्ध पेटलं, इटली शत्रूराष्ट्र ठरलं, आणि त्यांचा मुलगा मारिओ यांना इंग्रजांनी काही काळ आपल्या अहमदनगरच्या छावणीत नजरकैदेत ठेवलं होतं. शिक्षणाचा इतिहास कुठून कुठून जातो बघा.

शिशुविहार चांगलं चाललं होतं. पण ती शहरातल्या मध्यमवर्गाची मुलं. माँटेसरी साधनं महाग. सान लोरेंझोतल्या कामगारांच्या पोरांसाठी जन्मलेली पद्धत तीस वर्षांत ज्यांना परवडेल त्यांची होऊन बसली होती. गांधीजींनी ही अडचण बोलून दाखवली होती, आणि ताराबाईंना ती डाचत होतीच.

१९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या. बरोबर आल्या अनुताई वाघ. तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य, मग शिक्षण आणि शिक्षिकेची नोकरी, असं त्यांचं तोवरचं आयुष्य. त्याच वर्षी, त्याच डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात वारल्यांचा वेठबिगारीविरुद्धचा लढा गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली उभा राहत होता. या दोन गोष्टी आपल्याकडे वेगवेगळ्या पुस्तकांत वाचल्या जातात. भूमी एकच, साल एकच.

बोर्डीत बालवाडी सुरू झाली, पण पाड्यावरची मुलं येईनात. येणार कशी? पाच-सहा वर्षांची पोर कडेवर धाकटं भावंड घेऊन हिंडायची, जरा मोठी झाली की गुरांमागे जायची. मूल शाळेत येत नाही, तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची असं ठरलं, आणि 'अंगणवाडी' हा शब्द जन्मला. झाडाखाली, झोपडीपुढच्या अंगणात मुलांना जमवायचं, आधी नखं कापायची, अंघोळ घालायची. इतारची आठवण होते की नाही? साधनं म्हणून शंख-शिंपले, बिया, पानं, काटक्या, खडे. मोजायला चिंचोके, रंग ओळखायला फुलं. गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली. १९५७ साली सगळं काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा, म्हणजे विकासवाडी. धाकटं भावंड पाळणाघरात ठेवलं की थोरल्या बहिणीचे हात मोकळे.

या कामाकडे सहसा गरिबांसाठी केलेली स्वस्त माँटेसरी म्हणून पाहिलं जातं. आम्हाला ते अपुरं वाटतं. दादरच्या मुलाला हालचाल 'द्यावी' लागत होती. रेघ आखून तिच्यावरून चालायला लावावं लागत होतं. वारली मूल झाडावर चढत होतं, ओढ्यात खेकडे धरत होतं, तारप्याच्या नाचात पाय टाकत होतं. त्याच्याकडे तोल, पकड, नजर सगळं होतं, पण शाळा त्याला पहिल्याच दिवशी म्हणत होती, हे सगळं दाराबाहेर ठेव. अंगणात भरलेल्या शाळेला दारच नव्हतं.

आता थोडं प्रयोगशाळेत जाऊ. कारण ही सगळी मंडळी अनुभवानं बोलत होती, आणि मेंदूवाले बराच काळ वेगळंच सांगत होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात अमेरिकेत आर्नोल्ड गेझेल यांचा मोठा दबदबा होता. मूल कितव्या महिन्यात पालथं पडतं, कधी बसतं, कधी रांगतं याचे तक्ते त्यांनी बनवले. दवाखान्यात आजही असे तक्ते दिसतात. त्यामागची समजूत अशी की मेंदू आपल्या गतीनं पिकतो आणि पिकेल तसं शरीर हलू लागतं. हालचाल म्हणजे परिणाम. तिचा मेंदू घडण्यात वाटा नाही.

१९६३ साली रिचर्ड हेल्ड आणि अ‍ॅलन हाइन यांनी मांजराच्या पिल्लांवर एक प्रयोग केला. तेलघाण्याला बैल जुंपावा तसं एक पिल्लू फिरत्या दांड्याच्या एका टोकाला जुंपलेलं, ते स्वतःच्या पायांनी चालायचं. दुसऱ्या टोकाला टोपलीत बसवलेलं दुसरं पिल्लू, ते पहिल्याच्या चालण्यानं फिरायचं. दोघांना दिसायचं तेच आणि तेवढंच. उरलेला सगळा वेळ दोघं अंधारात. (आज असा प्रयोग करायला परवानगी मिळवणं सोपं नाही, आणि ते बरंच आहे.) काही आठवड्यांनी चालणारं पिल्लू खोल कडा दिसली की मागे सरायचं, जमीन जवळ आली की पंजा पुढे करायचं. टोपलीतल्या पिल्लाला यातलं काही नीट जमेना. डोळे उत्तम होते, पण दिसणाऱ्या गोष्टीचा आपल्या पायांशी काय संबंध, हे त्याला उमगलंच नव्हतं. दोन दिवस उजेडात मोकळं सोडल्यावर मात्र तेही सावरलं, हेही सांगायला हवं.

मांजरावरून माणसावर उडी मारताना जपावं लागतं. पण १९९२ साली जोसेफ कॅम्पोस आणि सहकाऱ्यांनी बाळांवरचे निष्कर्ष मांडले, त्यांतही सूर हाच होता: उंचीची भीती वयानं येत नाही, रांगण्याच्या अनुभवानं येते. एकाच वयाची दोन बाळं, रांगणारं कडेपाशी बिचकतं, न रांगणारं नाही.

एस्थर थेलेन यांचा १९८४ चा प्रयोग आम्हाला फार आवडतो, कारण त्यात यंत्रापेक्षा निरीक्षण जास्त आहे. नवजात बाळाला उभं धरून पाय टेकवले की ते पावलं टाकल्यासारखं करतं. घरोघरी बायकांना हे ठाऊक असतं. दोनेक महिन्यांनी हे बंद होतं. पाठ्यपुस्तकं म्हणायची, मेंदूचा वरचा भाग परिपक्व होऊन ती क्रिया दाबून टाकतो. थेलेननी पाहिलं की त्याच वयात बाळाच्या मांड्या झपाट्यानं गुबगुबीत होतात. त्यांनी बाळाला छातीपर्यंत पाण्यात उभं धरलं. पाय हलके झाले आणि पावलं परत आली! लहान बाळांच्या पायांना थोडं वजन बांधलं, तर पावलं कमी झाली. मेंदूत कोणी दिवा विझवला नव्हता, पाय जड झाले होते. मेंदू हुकूम सोडतो आणि शरीर पाळतं हे चित्रच डळमळलं.

आणखी एक आकडा सांगून पुढे जातो. कॅरन अ‍ॅडॉल्फ यांच्या गटानं २०१२ साली १२ ते १९ महिन्यांच्या मुलांचं मुक्त खेळताना निरीक्षण केलं. मूल तासाला सरासरी २,३६८ पावलं टाकतं आणि १७ वेळा पडतं. सतरा वेळा! घरात 'पडशील, पडशील' असं आपण तासाला किती वेळा म्हणतो ते मोजून पाहा.

या संशोधनाच्या आडोशानं बराच बाजारही उभा राहिला आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेत डोमन आणि डेलाकाटो यांनी मेंदूला इजा झालेल्या मुलांना ठरावीक पद्धतीनं रांगवण्याचा उपचार काढला. मोठी माणसं मुलाचे हातपाय धरून दिवसातून अनेकदा, तासन् तास ते हलवायची. कितीतरी कुटुंबांनी आपली सगळी ताकद त्यात ओतली. १९८२ साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं स्पष्ट सांगितलं की या दाव्यांना आधार नाही. हेल्ड-हाइनचं टोपलीतलं पिल्लू आठवा. दुसऱ्यानं हलवलेलं शरीर आणि स्वतः हललेलं शरीर यांत फरक आहे. म्हणूनच ज्या मुलाला चालता येत नाही, त्याच्यासाठी हा इतिहास निराशेचा नाही. प्रश्न पायांचा नाही, कुठे जायचं हे कोण ठरवतं याचा आहे. मुलाला स्वतः चालवता येणारी गाडी मिळाली तर तेही चाललेलंच असतं. डावा मेंदू जागवण्याच्या शिबिरांची जी पत्रकं आपल्या हातात पडतात, त्यांच्याबद्दल प्रश्नोत्तरात विचारा, इथे वेळ घालवत नाही.

अक्षरांकडे येतो, कारण पालकांची खरी चिंता तिथे असते. २०१२ साली करिन जेम्स आणि लॉरा एंगेलहार्ट यांनी अजून वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांना अक्षरं तीन प्रकारे दिली: स्वतःच्या हातानं काढायची, ठिपक्यांवरून गिरवायची, किंवा कळफलकावर दाबायची. नंतर तीच अक्षरं दाखवताना मेंदूची चित्रं घेतली. वाचताना मेंदूचे जे भाग कामाला लागतात, ते स्वतः अक्षर काढल्यानंतर जागे झाले. गिरवण्यानं आणि कळ दाबण्यानं तेवढे नाही.

आपल्याकडे पंतोजींच्या शाळेत धूळपाटी होती. लाकडी पाटीवर बारीक धूळ पसरायची, त्यात बोटानं किंवा काडीनं अक्षर काढायचं, चुकलं की हात फिरवून पुन्हा. पंतोजींच्या छडीचं आम्हाला काडीचंही कौतुक नाही, पण धुळीत काढलेलं अक्षर दर वेळी थोडं निराळं येतं. संशोधकांचा तर्क असा की त्या निराळेपणातूनच मूल शिकतं: इतक्या वेगवेगळ्या आकारांचं मिळून एकच 'ग' आहे, हे त्याला कळतं. आमच्यापैकी काही जण मध्यंतरी एका शहरातल्या बालवर्गात गेलो होतो. तीन-साडेतीन वर्षांची मुलं बाकावर, पुढ्यात चाररेघी वही, तीत ठिपक्यांचा 'ए', पानभर तोच. एक मुलगी पाय हलवत होती म्हणून तिला दोनदा टोकलं गेलं. बाईंचा आम्ही दोष मानत नाही. वर्गात चाळीस मुलं होती आणि दर शुक्रवारी पालक वही तपासायला येत होते.

आणि अंगणवाडी? २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि पाड्यावरचा तो मराठी शब्द देशभर गेला. आज सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. त्यांनी कुपोषणाशी दिलेली झुंज मोठी आहे, तिला कमी लेखायचं नाही. पण अनेक ठिकाणी ही वाडी एका खोलीत भरते. त्यातच धान्याची पोती, वजनकाटा, नोंदवह्या आणि सतरंजीवर ओळीनं बसलेली मुलं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगितलं की एक ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसातून किमान १८० मिनिटं हिंडा-फिरायला-खेळायला हवं आणि एका वेळी तासाभराहून जास्त त्यांना जखडून बसवू नये. सेविकेला हे वाचून दाखवलं तर ती विचारेल, कुठे? तिच्या दारासमोर रस्ता असतो, नाही तर दुसऱ्याचं शेत. म्हणून गावात नवी अंगणवाडी मंजूर झाली आणि तुमच्यापैकी कोणी ग्रामसभेला गेलं, तर खोलीच्या मापाबरोबर अंगणाचं मापही विचारा. आराखड्यात ते पुष्कळदा नसतंच.

प्रश्न घेऊ या.